धाकट्याचं बर्लिनमधलं भाड्याचं घर पर्यटकांना द्यावं का?

वरुड तालुक्यातल्या एका वाचकभावाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग असा:

‘ताई, नमस्कार. आमची सहा एकर ओलिताची शेती, त्यात तीन एकर संत्रा. धाकटा भाऊ बर्लिनला एमएस करून राहिला. त्याच्यासाठी शेत तारण ठेवून कर्ज काढलं. तिथं तो एका खोलीच्या घरात राहतो, भाडं महिन्याला ७८० यूरो. फेब्रुवारीच्या मध्यात त्याच्या सत्राला सुट्टी लागते ती एप्रिलच्या मध्यापर्यंत. इकडे बहिणीचं लग्न आणि मृग बहाराची तोडणी, म्हणून दोन महिने घरी येतो. मित्रानं त्याला सांगितलं, घर एअरबीएनबीवर, म्हणजे पर्यटकांना घरं देण्याच्या वेबसाइटवर टाक, रात्रीचे ८० यूरो सहज येतात. त्यानं फोटो टाकले, दोन बुकिंगही आली. घरमालकाला विचारलं नाही, कारण विचारलं तर नाही म्हणेल. कोणी विचारलं तर माझा मित्र आहे असं सांगायचं, असं पाहुण्यांना लिहून ठेवलं आहे. पैसे माझ्या इथल्या खात्यात घेऊ म्हणतो, म्हणजे तिकडे कराची भानगड नको. बाबा म्हणतात, भाडं आपण भरतो, मग दोन महिने कोणालाही देऊ, मालकाचं काय गेलं? मला मात्र रात्री झोप नाही. यात कायद्याची काही अडचण आहे का?’

प्रिय भाऊ,

अडचण आहे. एक नाही, चार-पाच आहेत आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. म्हणून आधी काम सांगते, कारणं मागून. आज संध्याकाळीच धाकट्याला फोन करा आणि ती जाहिरात काढायला लावा. आलेली दोन्ही बुकिंग त्यानं स्वतःहून रद्द करावीत. रद्द केल्याबद्दल वेबसाइट काही पैसे कापेल, ते जाऊ द्या. पुढे जे होऊ शकतं त्याच्यासमोर ती रक्कम किरकोळ आहे. पाहुणा एकदा घरात येऊन गेला की झालेली गोष्ट पुसता येत नाही. आज मात्र सगळं थांबवता येतं.

आता बाबांचं म्हणणं. ते कायद्यानं चूक असलं तरी रागावण्यासारखं नाही. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाच्या ब्लॉक खात्यातून, म्हणजे खर्चासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यातून, महिन्याला ९९२ यूरो सुटतात. त्यातले ७८० भाड्यालाच गेले तर खायला काय उरतं, हे बापाला दिसतं. त्यात दोन महिने खोली कुलूपबंद आणि इकडे बँकेचं व्याज चालूच. जीव तुटणारच. पण बाबांना एवढं विचारा: आपली बाग आपण एखाद्याला वर्षाच्या मक्त्यानं दिली आणि त्यानं आपल्याला न विचारता ती रोज नव्या माणसाच्या हाती सोपवली, मोटारपंप कोणी चालवला, ठिबकच्या नळ्या कोणी तुडवल्या याचा पत्ताच नाही, तर मक्ता वेळेवर मिळतो म्हणून आपण गप्प बसू का? मक्ता आपण त्या माणसाकडे पाहून दिलेला असतो. घरमालकाचं म्हणणं हेच असतं, आणि जर्मनीचा कायदा त्याच्या बाजूनं आहे.

तिथल्या नागरी संहितेला बीजीबी म्हणतात. तिच्या ५४० व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की घरमालकाच्या परवानगीशिवाय भाडेकरूला घर तिसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही. याच कलमात पुढे असंही आहे की परवानगी घेऊन दिलं तरी त्या तिसऱ्या माणसानं केलेल्या नुकसानीला मूळ भाडेकरूच जबाबदार. म्हणजे पाहुण्यानं चुलीवर भांडं जाळलं, नळ उघडा ठेवून खालच्या मजल्याचं छत भिजवलं, तर पत्र तुमच्या भावाच्या नावानं येणार. किल्लीचंही तसंच. बर्लिनच्या पुष्कळ इमारतींत मुख्य दार, तळघर आणि घर या सगळ्यांची कुलपं एकाच संचातली असतात. पाहुण्यानं एक किल्ली हरवली आणि मालकाला सुरक्षेसाठी अख्खा संच बदलावा लागला, तर त्याचं बिल काही हजार यूरोंत जाऊ शकतं. पाहुणा तोवर आपल्या देशी परत गेलेला असतो.

‘पण आमच्या करारात पोटभाडेकरू ठेवायला परवानगी आहे’ असं काही मुलं सांगतात. तुमच्या भावाच्या करारात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून हेही सांगून ठेवते. बर्लिनमधल्याच एका घराच्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ८ जानेवारी २०१४ रोजी निकाल दिला. त्या भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवायची लेखी परवानगी होती. तरी न्यायालयानं म्हटलं की त्या परवानगीत पर्यटकांना दिवसाच्या भावानं घर देणं बसत नाही, कारण पोटभाडेकरू काही काळ टिकून राहतो आणि पर्यटक रोज बदलतो. या निकालानंतर ‘परवानगी होतीच की’ हे म्हणणं टिकत नाही. पर्यटकांसाठी परवानगी हवी तर तीही तशीच स्पष्ट शब्दांत लिहून मिळाली पाहिजे.

बिनपरवानगी दिलं तर काय होतं? बहुतेक वेळा मालकाकडून किंवा इमारतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीकडून लेखी इशारा येतो. त्यानंतरही चालू ठेवलं तर मुदत न देता करार मोडता येतो. २०१५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं अशाच प्रकरणात मालकाची बाजू घेतली. तिथं इशारा मिळाल्यावरही भाडेकरूची जाहिरात वेबसाइटवर तशीच होती. म्हणजे पाहुणा राहून गेला की नाही हा प्रश्नही मागे पडला, नुसती जाहिरात कायम ठेवणं भाडेकरूला महागात पडलं. तुमच्या भावानं जाहिरात ‘तात्पुरती बंद’ ठेवू नये, पूर्ण काढावी, असं मी म्हणते ते त्यासाठी. आणि इशारा येईलच, मग थांबू, असंही धरून चालू नका. प्रकरण गंभीर दिसलं तर इशाऱ्याविना करार मोडलेलीही उदाहरणं आहेत.

आता ‘मित्र आहे म्हणून सांगा’ ही युक्ती. हिच्यावर जरा थांबते, कारण मुलांना ती सगळ्यात सुरक्षित वाटते आणि पकडली जाते ती हीच.

जर्मनीतल्या इमारतीत साधारणपणे घराला आपल्यासारखा फ्लॅट नंबर नसतो. खालच्या दाराशी घंटांची एक पाटी असते, प्रत्येक घंटेपुढे आडनाव. टपालाच्या पेटीवरही आडनावच. रात्री साडेदहाला दोन माणसं ट्रॉली बॅगा घेऊन येतात, अंधारात मोबाइलच्या उजेडात ती पाटी वाचतात, तुमचं मराठी आडनाव त्यांना वाचता येत नाही, आणि ती शेजारची घंटा दाबतात. तिथं रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांततेची वेळ पाळतात. पहिल्या मजल्यावरची आजी दार उघडते, हे कोण म्हणून विचारते. पाहुणा लिहून दिल्याप्रमाणे ‘मित्र’ म्हणतो, पण मित्राचं नाव त्याला नीट उच्चारता येत नाही. चार दिवसांनी दुसरी दोन माणसं, पुन्हा तीच घंटा. सकाळी कागदाच्या कचऱ्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या डब्यात उष्टं अन्न पडलेलं. आठवड्यात अख्ख्या इमारतीला कळतं की मुलगा भारतात गेला आणि त्याच्या घरात लॉज चालू आहे. बर्लिन शहरानं अशा घरांबद्दल नाव न सांगता तक्रार करण्याची ऑनलाइन सोय केलेली आहे. आणि पुरावा शोधायला कोणाला जिन्यात उभं राहावं लागत नाही. वेबसाइटवर फोटो आहेत, भाव आहे, पाहुण्यांनी महिन्यासकट लिहिलेले अभिप्राय आहेत. मालकाचा वकील त्याची छायाचित्रं काढून फाइलला लावतो, बस. खरा मित्र, तुम्ही घरात असताना, पैसे न देता चार दिवस राहिला तर कोणी हरकत घेत नाही. पैसे घेतले की तो मित्र राहत नाही, गिऱ्हाईक होतो. वर पाहुण्याला खोटं बोलायला लेखी सांगितलं आहे, हे न्यायाधीशासमोर फारच वाईट दिसेल.

मालकाशी जमलं तरी शहराचा कायदा उरतोच. बर्लिनमध्ये राहती घरं हॉटेलसारखी वापरण्यावर २०१४ पासून बंदी आहे, कारण तिथं राहायला घर मिळणं फार कठीण झालं आहे. २०१८ च्या दुरुस्तीनं थोडी वाट मोकळी केली: स्वतः राहत असलेलं घर, आपण बाहेरगावी असताना, पर्यटकांना देता येतं, पण त्यासाठी त्या भागाच्या नगर कार्यालयाची परवानगी आणि जाहिरातीत दाखवायचा नोंदणी क्रमांक लागतो. मालकाची परवानगी वेगळी, ही वेगळी, एक मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही. नियम मोडला तर दंडाची कमाल मर्यादा ५ लाख यूरो आहे. विद्यार्थ्याला कोणी एवढा दंड करणार नाही हे मलाही कळतं, तुम्हाला घाबरवण्यासाठी आकडा सांगत नाही. पण त्याचा अगदी लहानसा भाग झाला तरी तो एका हंगामाच्या संत्र्याएवढा होतो. शिवाय पर्यटकांच्या मुक्कामावर शहराचा वेगळा कर आहे. तो ५ टक्के होता, १ जानेवारी २०२५ पासून साडेसात टक्के झाला. तो नीट भरला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर येते.

आता पैशाचा प्रश्न, कारण तुमच्या खात्याचं नाव त्यात आलं आहे.

पैसे भारतात घेतले म्हणजे जर्मनीत दिसणार नाहीत, ही समजूत डोक्यातून काढून टाका. जर्मनीतल्या घराचं भाडं हे जर्मनीतलंच उत्पन्न आहे, पैसे बर्लिनच्या बँकेत आले काय नि वरुडच्या बँकेत आले काय. युरोपीय संघाच्या नियमानं २०२३ पासून अशा वेबसाइटनी घर देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मिळालेली रक्कम दरवर्षी कर खात्याला कळवायची असते. जुन्या वस्तू विकणाऱ्यांना त्यात लहान रकमेची सूट आहे, घर देणाऱ्यांना नाही. त्याआधीही २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या कर अधिकाऱ्यांनी आयर्लंडमध्ये कायदेशीर लढाई करून एअरबीएनबीकडून जर्मन घरांची माहिती मिळवली होती. युरोपीय संघाचा आणखी एक नियम २०२४ मध्ये झाला, त्याची अंमलबजावणीची तारीख २० मे २०२६ आहे. त्यानुसार नोंदणी क्रमांक तपासणं आणि मुक्कामांची माहिती सरकारला देणं वेबसाइटवर बंधनकारक होतं. लपवायला जागाच उरलेली नाही.

उलट भारतात पैसे घेऊन तुम्ही एक नवी गुंतागुंत ओढवून घ्याल. भाऊ वर्षभर तिकडे आहे, म्हणजे आपल्या आयकराच्या हिशेबात तो अनिवासी. अनिवासी माणसानं परदेशात कमावलेलं आणि परदेशातच मिळालेलं उत्पन्न आपल्याकडे करपात्र नसतं. पण तेच उत्पन्न पहिल्यांदा भारतातल्या खात्यात जमा झालं, तर ते ‘भारतात मिळालेलं’ ठरतं आणि इथल्या कराच्या कक्षेत येतं. त्यात खातं तुमचं. परदेशातून तुकड्या-तुकड्यांनी आलेली ही रक्कम कोणाची, कशाची, हे उद्या तुम्हालाच सांगावं लागेल. तुमच्या खात्यात संत्र्याचे आणि कापसाचे पैसे येतात, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि तो हिशेब स्वच्छ आहे. त्यात हा पैसा मिसळू देऊ नका. भावानं बर्लिनच्या खात्यात घ्यावा, तिथं विवरणपत्रात दाखवावा. वर्षाचं एकूण करपात्र उत्पन्न मूळ सवलतीच्या आत असेल, २०२५ साठी ती १२,०९६ यूरो होती, तर कर शून्यही येऊ शकतो. जिथं दाखवून काही जात नाही तिथं लपवून गुन्हा का करायचा? नंतर त्यानं घरखर्चाला म्हणून बँकेतून रीतसर पैसे पाठवले तर त्यात काहीच वावगं नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला आहे ती त्याच्या निवास परवान्याची. विद्यार्थ्याला तिथं ठरावीक दिवस नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा करायला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. एका माणसाला दोन महिने खोली दिली तर त्याला कोणी धंदा म्हणत नाही. रोज नवे गिऱ्हाईक, धुतलेल्या चादरी, साफसफाईचे वेगळे पैसे असं चालवलं तर तो हॉटेलसारखा व्यवसाय ठरू शकतो, आणि मग प्रश्न घराचा राहत नाही. शिक्षण पुरं व्हायच्या आधी परवाना वाढवून घेताना त्याला त्याच कार्यालयासमोर बसायचं आहे. ज्या शिक्षणासाठी शेत तारण आहे, ते शिक्षण चार-पाच हजार यूरोंसाठी डावावर लावू नका, हे मी मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगते.

याच्याच शेजारचा एक खड्डा. घर शोधणारी नवी मुलं विनवण्या करतात की राहायला नको, फक्त पत्त्याच्या नोंदणीसाठी कागद दे, शंभर-दोनशे यूरो देतो. जर्मनीत नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घर देणाऱ्याची सही लागते. जो माणूस प्रत्यक्ष राहणार नाही त्याला असा कागद देणं बेकायदा आहे, दंड ५० हजार यूरोंपर्यंत. आपल्याकडची दयाळू मुलं यात सहज अडकतात. धाकट्याला हेही बजावा.

हे वाचून ज्यांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत त्यांनी आपल्याला लागू नाही असं समजू नये. फ्रान्समध्ये भाडेकरूला मालकाची लेखी संमती लागते, आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बिनपरवानगी पोटभाड्यातून मिळवलेले पैसे मालकाचे. पॅरिसच्या त्या भाडेकरूंना २७ हजारांहून जास्त यूरो परत द्यावे लागले. सिंगापूरमध्ये खासगी घरसुद्धा तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीनं देता येत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि तीस दिवसांच्या आत घर द्यायचं तर यजमानानं स्वतः तिथं हजर असावं लागतं. आणि आपल्याकडेही काही वेगळं नाही. नागपूर-अमरावतीत खोली घेऊन शिकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर घर खाली करून घ्यायला मालकाला तेवढं कारण पुरतं.

आता भाऊ, वाट सांगते, कारण वाट आहे. आणि ती तुमच्या भावाच्या बाबतीत बरी मोठी आहे.

त्याच बीजीबीचं ५५३ वं कलम भाडेकरूच्या बाजूचं आहे. घर घेतल्यानंतर काही रास्त कारण निर्माण झालं आणि भाडेकरूला घराचा काही भाग दुसऱ्याला द्यायचा असेल, तर मालकाकडे परवानगी मागण्याचा त्याला हक्क आहे. येणाऱ्या माणसाबद्दल ठोस हरकत, जागा अपुरी, असं काही कारण असल्याशिवाय मालकाला नकार देता येत नाही. यात ‘काही भाग’ हे महत्त्वाचं, अख्खं घर सोडून जायचं नाही. मग एका खोलीच्या घराचा भाग कसा करायचा? हा प्रश्न बर्लिनमध्येच कोर्टात गेला. भाडेकरू काही काळासाठी परदेशी जाणार होता, घर एकच खोलीचं. त्यानं आपलं सामान खोलीतल्या एका कपाटात आणि खणात ठेवलं, बोळकांडीच्या टोकाला पडद्यामागे जेमतेम एक चौरस मीटर जागा स्वतःकडे राखली, आणि एक किल्ली जवळ ठेवली. १३ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं म्हटलं की एका खोलीच्या घरातही हा हक्क नाकारता येत नाही, भाडेकरूनं घर पूर्ण सोडलेलं नाही एवढं पुरतं. तुमच्या भावाची परिस्थिती याला पुष्कळ जवळची आहे. बहिणीचं लग्न, घरी दोन महिने, दुहेरी खर्च झेपत नाही, एप्रिलमध्ये परत. विचारलं तर मालक नाही म्हणेल म्हणून विचारायचं नाही, असं तो म्हणतो. पण विचारलं तर कायदा त्याच्याकडे आहे, न विचारता केलं तर मालकाकडे.

मात्र हे एका माणसाला, सलग दोन महिने, राहण्यासाठी दिलं तरच. विद्यार्थी याला त्स्विशेनमीटे म्हणतात आणि बर्लिनमध्ये अशा खोलीला मागणी खूप असते. इंटर्नशिपला आलेला, नवं घर मिळेपर्यंत तात्पुरती सोय शोधणारा, विद्यापीठातला कोणी ओळखीचा, असा माणूस शोधावा. भाडं आपण भरतो तेवढंच घ्यावं, फार तर वीज-इंटरनेटचा वाटा. पैसे कमवायचा मोह इथं ठेवू नका, नफा दिसला की ‘रास्त कारण’ हे म्हणणं लंगडं पडतं. दोन महिन्यांचं भाडं सुटलं, म्हणजे १,५६० यूरो वाचले. रात्रीच्या ८० यूरोंनी तुम्ही ४,८०० चा हिशेब केला असेल, पण रिकाम्या रात्री, साफसफाई, वेबसाइटचा वाटा आणि कर काढला तर तो आकडा कागदावरच राहतो.

मालकाला ईमेल पाठवायचा, साधा आणि सरळ. त्याचा मसुदा असा असावा: ‘कौटुंबिक कारणासाठी मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भारतात असेन. या काळात भाड्याचा भार कमी व्हावा म्हणून घराचा काही भाग अमुक नावाच्या व्यक्तीला पोटभाड्यानं द्यावा अशी माझी इच्छा आहे. ही व्यक्ती अमुक ठिकाणी शिकते किंवा काम करते. माझं सामान, कपाट आणि एक किल्ली माझ्याकडेच राहील. पर्यटकांना घर दिलं जाणार नाही. आपली परवानगी अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावी.’ माणसाचं नाव दिल्याशिवाय परवानगी मागू नये, कोणालाही द्यायची मोघम परवानगी मालकावर बंधनकारक नसते. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नये, पुन्हा लिहावं. मालकानं थोडं जादा भाडं मागितलं तर काही वेळा कायद्यानं ते चालतं, म्हणून लगेच भांडू नये. आणि घर विद्यार्थी वसतिगृहातलं असेल तर तिथले नियम वेगळे असतात, आधी त्या कार्यालयात विचारावं.

परवानगी हातात आल्यावरच किल्ली द्यायची. पोटभाडेकरूशी लेखी करार करावा, त्यात घर तात्पुरत्या वापरासाठी दिलं आहे, मूळ भाडेकरू अमुक तारखेला परत येणार आहे, हे ठळक लिहावं. नाहीतर तुमचा भाऊ बॅग घेऊन दारात आणि आत बसलेला माणूस निघायला तयार नाही, असं व्हायचं. अनामत घ्यावी, किल्ल्या किती दिल्या ते लिहावं, भिंती, चूल, न्हाणीघर यांचे तारखेसह फोटो काढावेत, मीटरचे आकडे टिपावेत. त्याच्या स्वतःच्या जबाबदारी विम्यात, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्यात, पोटभाडेकरूनं केलेलं नुकसान बसतं का, तेही विमा कंपनीला विचारून ठेवावं. बर्लिनमध्ये भाडेकरूंच्या संघटना आहेत, वर्गणी भरली की तिथले वकील करार वाचून देतात. विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेकडे आणि श्टुडिरेंडनवेर्क या विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेकडेही कायद्याचा सल्ला मिळतो. करार घेऊन त्यानं तिथं एकदा जाऊन यावं.

मालकानं खरंच नकार दिला आणि वेळ कमी असेल, तर यंदा खोली रिकामी ठेवा. दोन महिन्यांचं भाडं जाईल, वाईट वाटेल. पण आहे ते घर टिकेल, अनामत टिकेल. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी असू शकते, ती अडकली तर मोठा फटका बसतो, आणि बर्लिनमध्ये भर सत्रात नवं घर शोधणं काय असतं ते भावालाच विचारा.

बाबांना हे समजावताना धाकट्याला दोष लागेल असं बोलू नका. त्यानं घरावरचा भार हलका करायलाच हा उद्योग मांडला होता. त्याला आजच फोन करा, जाहिरात निघाल्याची खात्री करा, आणि मालकाचं उत्तर काय येतं ते मला लिहून पाठवा. नकार आला तर त्या पत्राची प्रत आणि कराराची पोटभाड्याबद्दलची पानं सोबत जोडा.

तुमची,
सल्लागार ताई